तानाजींची ढाल कुठे गेली?

मोखाड्याचा बोहाडा बघून परतलेल्या माणसांकडून एक तक्रार हल्ली वरचेवर ऐकू येते. सोंगे सुरेख, मुखवटे देखणे, सांबळ अंगात भिनतो. पण जगदंबा आणि महिषासुराची लढाई मात्र लटकी वाटते. तलवार तलवारीला लागतच नाही. दोघे नुसते गोल फिरतात, पुढे येतात, मागे जातात. खरी तलवारबाजी बघायची तर सिनेमात बघावी, तिथे कसे सगळे खऱ्यासारखे असते. हे केवळ बाहेरून आलेल्या पाहुण्यांचे मत असते तर मी लिहायला बसलो नसतो. जव्हार-मोखाड्यातली आमची तरुण पोरेही आता तेच बोलतात, आणि ‘यंदा लढाई जरा फिल्मी करू’ अशी भाषा कानावर येते.

मी तलवारबाजीतला सेबर हा प्रकार खेळलो आहे आणि आता मुलांना शिकवतो. तलवार हातात घेऊन समोरच्या माणसाच्या डोळ्यांत बघण्याचा जो काही अनुभव माझ्याकडे आहे, त्याच्या जोरावर सांगतो की ही तक्रार मुळापासून चुकीची आहे. लढाई खरी की खोटी हे ठरवायला या मंडळींनी खणखणाट, लांबलेली झुंज, वजनदार हत्यार आणि रक्त अशी मापे घेतली आहेत. तलवारीच्या लढाईत यांतले एकही माप चालत नाही. तिथे मोजायचे असते ते दोन माणसांमधले अंतर.

तलवारबाजी शिकायला आलेल्या मुलाला आम्ही आधी हात शिकवत नाही, पाय शिकवतो. एक पाऊल पुढे, एक पाऊल मागे, गुडघे वाकलेले, टाच उचललेली नाही. मुले कंटाळतात, त्यांना वार करायचा असतो. पण जिथून समोरच्याचे पाते एका झेपेत आपल्यापर्यंत पोचते ती जागा शरीराला कळल्याशिवाय वाराला काही अर्थ नाही. त्या जागेच्या बोटभर बाहेर राहायचे, समोरच्याला आत येण्याचा मोह पाडायचा, आणि तो आला की त्याच्या आधी पोचायचे. खेळायची पट्टी, म्हणजे पिस्ट, चौदा मीटर लांब असतो तो यासाठीच. एपे या दुसऱ्या प्रकारच्या सामन्यात तर मिनिट-मिनिटभर कोणी कोणाला शिवतही नाही. दोघे पुढे येतात, मागे जातात, हूल देतात, थांबतात. बोहाड्यात ज्याला ‘नुसते पुढेमागे’ म्हणून नावे ठेवली जातात, ते करायला जागतिक दर्जाच्या खेळाडूला दहा-दहा वर्षे घालवावी लागतात.

आणि जेव्हा वार होतो तेव्हा तो क्षणात संपतो. सेबरमध्ये पंचाने सुरुवात दिल्यावर एक-दोन सेकंदांत फैसला लागलेला असतो. २६ जुलै २०२१ ला टोकियोत भवानी देवीचा सामना आपल्याकडे कितीतरी लोकांनी पहिल्यांदा बघितला. ऑलिम्पिकला पात्र ठरलेली ती पहिली भारतीय तलवारबाज. पहिला सामना तिने १५-३ असा जिंकला, दुसरा फ्रान्सच्या मानों ब्रुनेकडून ७-१५ असा हरली. बघणाऱ्यांना दिवा लागलेला दिसला, स्पर्श दिसला नाही. साध्या डोळ्याला तो दिसतच नाही. म्हणून तर एपेमध्ये १९३६ च्या ऑलिम्पिकपासून विजेची यंत्रणा आली, फॉइल या तिसऱ्या प्रकारात १९५६ ला आणि सेबरमध्ये १९९२ ला. अनुभवी पंच चार बाजूंना उभे करूनही ठरवता येईना, तिथे सामान्य प्रेक्षकाचे काय? आता सिनेमात प्रत्येक वार आपल्याला स्वच्छ दिसतो. ज्या गोष्टीचे खरेपण न दिसण्यातच आहे, ती स्वच्छ दिसल्यावर तिला ‘खऱ्यासारखी’ म्हणायचे कशाच्या आधारावर?

खेळाचे सोडा, खऱ्या रणातले घ्या. त्यासाठी लांब जायला नको. जव्हारजवळ शिरपामाळ आहे. सुरतेच्या पहिल्या स्वारीला निघालेल्या शिवाजी महाराजांचा मुक्काम तिथे पडला आणि जव्हारच्या राजाने त्यांचे स्वागत केले, असे इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. त्याच स्वारीत, जानेवारी १६६४ मध्ये, सुरतेच्या सुभेदाराकडून बोलणी करायला आलेला एक तरुण कट्यार उपसून महाराजांवर धावला. त्या वेळी सुरतेत असलेल्या इंग्रजांनी ही हकीकत लिहून ठेवली आहे. महाराजांपुढे उभ्या असलेल्या रक्षकाने तलवारीच्या एका घावात त्याचा हात तोडला. पण धावत्या माणसाचा वेग काही तुटला नाही. तो तसाच तुटक्या हातानिशी महाराजांवर आदळला आणि दोघेही खाली पडले. महाराजांच्या अंगावर रक्त बघून ते मारले गेले अशी आवई उठली. एक घाव, एक धडक, गोंधळ. एवढीच ती लढाई, आणि तिच्यावर स्वराज्याचे भवितव्य टांगलेले होते.

प्रतापगडावर १० नोव्हेंबर १६५९ ला काय झाले? बखरकार सभासद सांगतो की अफझलखानाकडच्या सय्यद बंडाने पट्ट्याचे वार चालवले, महाराजांनी पट्टा आणि बिचवा यांची कात्री करून चार वार अडवले, आणि पाचवा यायच्या आत जिवा महालाने फिरंगेचा घाव घालून बंडाचा शस्त्राचा हात हत्यारासकट उतरवला. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ हे आपण म्हणतो ते त्या एका घावामुळे. सबंध महाराष्ट्राला पाठ असलेल्या प्रसंगातली तलवारबाजी चार-पाच वारांची आहे. यात आणखी एक बारकावा आहे, तो तलवार धरणाऱ्यालाच चटकन कळतो. सुरतेतही घाव हातावर, प्रतापगडावरही हातावर. कारण समोरच्याचा शस्त्र धरलेला हात हेच आपल्याला सगळ्यांत जवळचे लक्ष्य असते. एपेचा खेळाडू आजही पहिल्यांदा मनगट आणि कोपर शोधतो. १९६७ मध्ये फ्रान्समध्ये गास्तों देफेर आणि रने रिबिएर या दोन राजकारण्यांत तलवारीचे द्वंद्व झाले, त्याची चित्रफीतही आहे. रिबिएरला दोन जखमा झाल्या, दोन्ही हातावर, आणि द्वंद्व थांबले. तीन शतकांच्या आणि हजारो मैलांच्या अंतरावर हत्यार तेच सांगते. पडद्यावर मात्र हाताला कोणी हात लावत नाही. नायकाची छाती आणि खलनायकाचे डोके, यांवरच सगळे वार.

आता सिंहगड. इथे माझा राग मी लपवत नाही. ४ फेब्रुवारी १६७० च्या त्या रात्रीबद्दल सभासदाने फार थोडे लिहिले आहे, पण जे लिहिले ते लढाई जाणणाऱ्या माणसाचे लिहिणे आहे. तानाजी मालुसऱ्यांची ढाल तुटली. दुसरी ढाल वेळेवर मिळाली नाही. मग त्यांनी डाव्या हाताचीच ढाल केली आणि त्यावर वार झेलत लढले. शेवटी तानाजी आणि किल्लेदार उदेभान दोघेही ठार झाले. एवढेच. या चार वाक्यांत तलवारबाजीचे सगळे शास्त्र आहे. आपल्याकडे तलवार मारायला होती आणि ढाल वाचवायला. पात्याने पाते अडवत बसणे ही नाइलाजाची गोष्ट, कारण धारेवर धार आपटली की खाचा पडतात आणि चांगले पाते वाया जाते. ज्या क्षणी ढाल गेली त्या क्षणी लढाईचा निकाल जवळजवळ लागला होता, हे बखरकाराला ठाऊक होते. म्हणून त्याने बाकी काही न सांगता ढालीचे सांगितले.

२०२० च्या ‘तान्हाजी’ने या प्रसंगाचे काय केले ते बघितलेल्यांना आठवत असेल. सामना लांबत जातो, हात तुटल्यावरही चालू राहतो, माणसे उडतात, आदळतात, पुन्हा उठतात. मी त्या चित्रपटाच्या मेहनतीला नावे ठेवत नाही. त्याने कितीतरी मुलांना तानाजींचे नाव सांगितले, हेही खरे. पण हा प्रकार खरा आणि मोखाड्याची लढाई खोटी, असे कोणी म्हणू लागला तर गप्प बसवत नाही. आपल्या पडद्यावर ढाल पाठीला बांधलेली असते किंवा पहिल्या मिनिटात भिरकावलेली असते, कारण ढालीआड नटाचा चेहरा दिसत नाही. ज्या वस्तूच्या तुटण्याने तानाजी गेले, ती वस्तूच गोष्टीतून काढून टाकली तर ते का गेले हे कुठल्या पोराला कळणार?

शिवाय त्या लढाईचा शेवट. दोघेही ठार. एपेमध्ये दोन्ही खेळाडूंचा स्पर्श सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत झाला तर दोन्ही दिवे लागतात आणि दोघांनाही गुण मिळतो. रोज सरावात हे घडते, मुले हसतात आणि पुन्हा पवित्र्यात उभी राहतात. मी त्यांना प्रत्येक वेळी थांबवून सांगतो की खरे पाते असते तर तुम्ही दोघेही आत्ता जमिनीवर असता. तलवारीच्या झुंजीत दोघांनीही पडणे हा अपवाद नाही, तो कायमचा धोका आहे. सिंहगडावर तेच घडले. पडद्याला मात्र तो चालत नाही. तिथे खलनायक आधी मरायला हवा, मोठ्याने मरायला हवा, आणि नायकाला शेवटचे दोन शब्द बोलायला सवड हवी.

वजनाचा मुद्दा चटकन संपवतो. अमक्या वीराची तलवार मणाची होती, तमक्याची उचलायला दोन माणसे लागत, या गोष्टी बंद झाल्या पाहिजेत. लढाईतली तलवार एक किलोच्या आसपासची असते, थोडी कमी, थोडी जास्त. पट्टाही लांब असून त्यापेक्षा फार जड नसतो, आणि त्याचे पाते लवचिक असते. जड हत्यार एकदा फिरवले की परत आणायला वेळ लागतो, आणि त्या वेळात माणूस मरतो. आमच्या सेबरला नियमाने पाचशे ग्रॅमची मर्यादा आहे, तरी एका सामन्यानंतर खांदा भरून येतो.

इथवर वाचून माझे तलवारबाज मित्र खूश होतील, म्हणून त्यांच्याशीही भांडायला हवे. आमच्या खेळात एक अहंकार आहे. पिस्टवर चार वर्षे घालवली की आम्हाला वाटते खरी तलवार आम्हालाच कळली. मग सिनेमातला, नाटकातला, बोहाड्यातला मोठा गोलाकार वार दिसला की आम्ही हसतो, ‘एवढा हात उघडला तर कोणीही मारेल’ म्हणतो. हे अर्धवट ज्ञान आहे. आपल्या तलवारीची मूठ हातात घेऊन बघा. वर परज, खाली गोल वाटी, मधे जेमतेम चार बोटांची जागा. ती वाटी मनगटाला टेकते आणि मनगट फार वाकू देत नाही. बोटांनी आणि मनगटाने पाते खेळवण्याची फेन्सिंगची रीत त्या मुठीत चालतच नाही. वार कोपरातून आणि खांद्यातून येतो, मोठा येतो, आणि वाकड्या पात्यामुळे ओढून कापत जातो. म्हणजे ज्या वाराला आम्ही हसतो तो त्या हत्याराचा खरा वार आहे, फक्त डाव्या हातात ढाल असताना. ढाल काढून टाकली की तोच वार मूर्खपणाचा ठरतो.

आणि आमचा खेळ तरी खरा कुठे आहे? फॉइल आणि सेबरमध्ये दोघांचेही दिवे लागले तर आधी हल्ला कोणाचा हे पंच ठरवतो आणि गुण एकालाच मिळतो. रणात असा पंच नसतो. दुसरी गोष्ट धारेची. लुई नोलन नावाच्या ब्रिटिश घोडदळ अधिकाऱ्याने १८५३ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात निजामाच्या घोडेस्वारांचा किस्सा दिला आहे. त्यांच्या घावांनी हात-पाय तुटून पडत, म्हणून त्याने त्यांचे कसब जाणून घ्यायला विचारणा केली. निघाले काय, तर ती पाती इंग्रज घोडदळाने टाकून दिलेली जुनी पाती होती, देशी मुठी बसवलेली. स्वार त्यांना वस्तऱ्यासारखी धार लावत आणि लाकडी म्यानात ठेवत, धातूच्या म्यानात घासून धार जाऊ नये म्हणून. कसब काही खास नव्हते, धार होती. आमच्या हत्याराला धारच नाही. धार नसलेल्या हत्याराने खेळणाऱ्याने खरेपणाचा ठेका घेऊ नये.

मर्दानी खेळाबद्दलही तेच म्हणेन, आणि तो मला फार प्रिय आहे. कोल्हापूरच्या पोरापोरींना पट्टा फिरवताना बघितले की ऊर भरून येतो. दांडपट्ट्याला २०२४ मध्ये राज्यशस्त्राचा मान मिळाला याचा मला आनंद आहे. पण जमिनीवरचे लिंबू कापताना लिंबू उलटून मारत नाही. समोर प्रतिकार करणारा माणूस उभा करायचा असेल तर आपल्याकडे फरी-गदगा होता, चामड्याची छोटी फरी आणि चामडे मढवलेली काठी. त्यात समोरचा खरोखर मारतो आणि चुकले तर वळ उठतो. शिवजयंतीच्या मिरवणुकीत पट्टा आहे, लाठी आहे, आगीची चक्रे आहेत, फरी-गदगा मात्र फार कमी दिसतो. खरेपणाची एवढी ओढ असेल तर आधी तो आखाड्यांत परत आणा.

मग कथेतली लढाई कधीच खरी नसते का? पूर्ण खरी नसते, आणि असूही नये. बॉब अँडरसन हा ब्रिटनकडून १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये खेळलेला तलवारबाज. पुढे ‘स्टार वॉर्स’, ‘द प्रिन्सेस ब्राइड’, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ यांतल्या तलवारींच्या लढाया त्याने बसवल्या. त्याच्यासारख्या माणसाला खरा वार कसा असतो हे कोणी सांगायला नको. तरी त्याने पडद्यासाठी हालचाली मोठ्या केल्या, कारण प्रेक्षकाला त्या वाचता आल्या पाहिजेत. विल्यम हॉब्जने रिडली स्कॉटच्या ‘द ड्युएलिस्ट्स’मध्ये, १९७७ मध्ये, दुसरी वाट धरली. तिथली माणसे थकतात, घाबरतात, दूर उभी राहून धापा टाकतात, आणि बराच वेळ कोणीच काही करत नाही. तो सिनेमा बघताना मला माझ्या पहिल्या सामन्याची धडधड आठवते. दोघांनीही खोटे रचले, पण हॉब्जने अंतराबद्दल खोटे सांगितले नाही. हालचाल मोठी करा, वार हळू करा, दिवे लावा, संगीत वाजवा, सगळे चालेल. पात्याची भीती काढून टाकली की मात्र काहीच उरत नाही.

कारण ती भीती म्हणजेच शौर्याची जागा. बाजीप्रभू १३ जुलै १६६० ला खिंडीत उभे राहिले तेव्हा त्यांना ठाऊक होते की नेमका लागलेला एक घाव पुरेसा असतो, आणि समोर शेकडो हात ते घाव घालायला येत आहेत. प्रतापराव गुजर २४ फेब्रुवारी १६७४ ला नेसरीला मूठभर स्वारांनिशी धावले तेव्हा त्यांनाही हे ठाऊक होते. चाळीस घाव खाऊन उभा राहणारा, हवेत उडी मारून दहा जणांना आडवे करणारा पुरुष दाखवला की प्रेक्षक टाळ्या वाजवतो. पण ज्याला लागतच नाही, त्याने पुढे जाण्यात कसले धैर्य? आमच्या पूर्वजांचे हाडामांसाचे शरीर काढून घेतले की त्यांचे धैर्यही सोबत जाते. ही लूट आहे, आणि ती भक्तीच्या नावाने होते आहे याचे मला जास्त वाईट वाटते.

बोहाड्यात ही लूट होत नाही. बोहाड्याने जुनी युद्धकला जपली आहे असे मी म्हणत नाही. तो देवकार्य आहे, होळीनंतर गावोगाव होणारा, सोंगांचा मान घराण्यांत चालत आलेला, आणि त्याचे मोजमाप तिथल्या श्रद्धेने व्हावे. पण लढाईपुरते बोलायचे तर जगदंबा आणि महिषासुर सांबळाच्या ठेक्यावर एकमेकांभोवती फिरतात तेव्हा दोघांमध्ये हत्याराच्या टप्प्याएवढी जागा कायम असते. कोणी ती जागा सहज ओलांडत नाही. पुढे आलेला मागे सरतो, हत्यार उगारले की दुसरा वळतो. बघणाऱ्याला कळते की मधे काहीतरी धोक्याचे आहे. मी बघितलेल्या बहुतेक ऐतिहासिक चित्रपटांत हे एवढेही नसते. तिथे नायक खलनायकाच्या नाकाला नाक लावून, पात्याला पाते घासत संवाद म्हणतो. कोणी तलवारबाज तसा उभा राहील का? त्या जागी डाव्या हातातली कट्यार पोटात गेलेली असते.

ही जागा ठेवण्यामागे व्यवहारही आहे. सोंग घेणाऱ्याच्या तोंडावर कागदाच्या लगद्याचा किंवा लाकडाचा मुखवटा असतो. त्याला दिसते ते दोन छोट्या भोकांतून, समोरचे थोडेसे. पायाशी काय आहे, बाजूने कोण आले, काही दिसत नाही. उजेड टेंभ्यांचा, भोवती पोरेबाळे दाटलेली. अशा माणसाच्या हातात हत्यार देऊन त्याला ‘जवळ जा, खणखण कर’ म्हणणाऱ्याने १९८२ ची रोमची जागतिक स्पर्धा आठवावी. व्लादिमीर स्मिर्नोव्ह हा १९८० च्या मॉस्को ऑलिम्पिकचा फॉइल विजेता. त्याच्या डोक्यावर नियमाप्रमाणे पोलादी जाळीचा मुखवटा होता. प्रतिस्पर्ध्याचे पाते तुटले, तुटके टोक जाळी भेदून डोळ्यातून आत गेले, आणि काही दिवसांनी स्मिर्नोव्ह गेला. त्यानंतर पाती, जाळ्या आणि पोशाख सगळ्यांचे नियम कडक झाले. तिथे दोघेही जगातले उत्तम खेळाडू होते, दिव्यांचा लख्ख उजेड होता, पंच होता, डॉक्टर होते. मोखाड्याच्या चौकात रात्री दोन वाजता लगद्याच्या मुखवट्याला कोण वाचवणार?

म्हणून आमच्या पोरांना माझे सांगणे आहे. मोबाईलवर चांगली दिसावी म्हणून देवीची लढाई बदलू नका. जवळ जाऊ नका, पाती आपटू नका, ज्या जुन्या माणसांनी तुम्हाला सोंग नाचवायला शिकवले त्यांची पावले मोजून घ्या. आणि खरी तलवार शिकायची असेल तर ओळखीच्या दोघा-चौघांना घेऊन या. काठ्या, मुखवटे आणि दोन फऱ्या मी आणतो, पहिला महिना फक्त पाय चालवायचे.